दर्या खाली, माळनाका वर

सोनूबाईला कुणी विचारलं, तुझी घरं किती, तर ती एकशे चार सांगायची. ऐकणारा चमकायचा. राहतं घर तिचं एकच, रत्नागिरीत पेठकिल्ल्याच्या उतारावर, दोन खोल्यांचं, मागचं दार उघडलं की दर्याचा वारा थेट चुलीपर्यंत येणारं. पण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरणारी बाई "माझी घरं" म्हणते, तेव्हा ती आपली गिऱ्हाइकं सांगत असते. ती सांगताना तिच्या आवाजात जो मान येतो, तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या आवाजातही येत नाही.

ही घरं विकत मिळत नाहीत. ती सासूकडून सुनेला मिळतात, आणि त्याची रीत ठरलेली असते. सोनूबाई लग्न होऊन आली, त्यानंतर महिन्याभराने सासूने तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर रिकामी पाटी ठेवली आणि म्हणाली, "चल गो, तुला घरं दाखवते." नऊ दिवस सासू पुढे, सून मागे. धनजी नाका, टिळक आळी, खालची आळी, मग चढ चढून माळनाका, मारुती मंदिर, कोकणनगर. प्रत्येक दारापाशी सासू थांबायची आणि हलक्या आवाजात सांगायची. "हिला पापलेट दाखवू नको, हात लावील आणि ठेवून देईल." "इथं हाक हळू मार, म्हातारा झोपलेला असतो." "इथं मागच्या दाराने जायचं. सासू खात नाय, सून खाते." दहाव्या दिवशी सासू घरी बसली आणि सुनेची पाटी भरली.

त्याला अडतीस वर्षं झाली. त्या अडतीस वर्षांत सोनूबाईचा नवरा रघू गेला, मुलगा दीपक बोटीवर जाऊ लागला, दीपकचं लग्न झालं, आणि पाटीच्या ओझ्याने सोनूबाईच्या उजव्या गुडघ्याची वाटी झिजून गेली. या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू झाली आणि पंधरा दिवसांतच ती मिरकरवाड्याच्या जेटीवर बसली ती उठेचना. डॉक्टरांनी गुडघा बदलला. म्हणाले, तीन महिने चढ चढायचा नाही, आणि पाटी तर आता कायमची विसरा.

पाटी विसरायला तिची हरकत नव्हती. पण घरं? खाटेवर पडल्या पडल्या तिला तोच घोर लागला. सागर नावाचा एक गडी हल्ली स्कूटरवर बर्फाची पेटी आणि भोंगा लावून शहरभर फिरत होता. "ताजी फडफडीत मासळी" असं भोंगा ओरडायचा, सागर नुसता बसून असायचा. दोन आठवडे सोनूबाई दिसली नाही, तर एकेक घर त्या भोंग्याकडे जाणार. एकदा गेलेलं घर परत येत नाही.

सून होती शमिका. पोरगी अलोऱ्याची, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेली. वडील तिथे कारकून. तिला बांगडा आणि तारली यांतला फरक लग्नानंतर कळला होता. शहरातल्या गल्ल्या तर तिला अजूनही परक्या.

"मी जाते आई," शमिका म्हणाली. "स्कूटर आहे, पेटी घेऊ. तुम्ही फक्त घरं सांगा."

"घरं सांगत नाय गो, दाखवतात. आणि आता मी तुला दाखवू कशी? खाटेला पाय फुटलेत काय?"

शमिका उठली. मग आतून तिचा जुना लॅपटॉप घेऊन आली. लग्नाआधी ती चिपळूणला एका सर्वेवाल्याकडे दोन वर्षं कामाला होती. माणसं रानोमाळ हिंडून माहिती आणायची, ती ही तक्त्यात भरायची, आणि तक्ता नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला की नकाशावर ठिपके उमटायचे. विहिरी, खांब, पूल, जे भरलं असेल ते. ते सॉफ्टवेअर फुकट मिळायचं, अजून लॅपटॉपवर होतं.

"तुम्ही बोला, मी भरते. एका घराला एक ओळ. मग बघू शहर आपल्याला घरं दाखवतं का."

अशी त्या दोघींची बैठक बसली. दुपारची जेवणं झाली की सोनूबाई उशीला टेकून डोळे मिटायची आणि मनातल्या मनात पाटी उचलून चालायला लागायची. शमिकाने रकाने केले होते: नाव, ठिकाण, खूण, कुठला मासा, कुठले वार नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला आणखी एक रकाना वाढवावा लागला. त्याला तिने नाव दिलं "बोली", कारण कुठल्या दारात कशी हाक मारायची हे सोनूबाई सांगितल्याशिवाय पुढे जातच नव्हती.

"लिही. परांजप्यांच्या शेजारची वकिलीणबाई. सोमवार, गुरुवार, संकष्टी नाय. कोळंबी. पण साफ करून मागते. बोलीत लिही, आधी तब्येत विचारायची, मग मासळी."

"तब्येत कशाला?"

"तिनं माझी विचारली होती. भर उन्हात मला भोवळ आली, तर आत नेऊन पंख्याखाली बसवलं. पाटी दारात, आणि मी त्यांच्या सोफ्यावर, माशाच्या पाण्यानं भिजलेली. नवीन सोफा होता गो."

प्रत्येक ओळीला असंच व्हायचं. शमिकाला एक मासा आणि एक वार हवा असायचा, आणि त्याच्यामागून एखादा उपकार बाहेर यायचा. या घराने दीपकला शाळेचा गणवेश दिला. त्या घराने पायांत चपला घातल्या, स्वतःच्या पायांतल्या काढून. एकाने बँकेचा फॉर्म भरला. सोनूबाईला स्वतःलाच नवल वाटलं. चालताना हे कधी एका जागी आठवलं नव्हतं. डोक्यावर ओझं असलं की माणूस पुढचं दार बघतो. पडून राहिल्यावर मागची सगळी दारं एकदम उघडली.

शेवटून दुसरी ओळ झुबेदाभाभीची. हे सोनूबाईचं सगळ्यांत जुनं घर. सासूच्या काळापासूनचं. भाभीचे दोन्ही मुलगे कुवेतला, नवरा गेलेला, घरात ती एकटी. पाटी उतरवली की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायची, मग ताजी हाय का विचारून मासळीकडे बघायची. रघू गेला तेव्हा सोनूबाई महिनाभर घराबाहेर पडली नव्हती. पाटी घेऊन परत निघाली तेव्हा तिला वाटलं, घरं गेली असणार. कोकणनगरात पोचली, तर कळलं की भाभीने महिनाभर डाळ खाल्ली होती आणि गल्लीतल्या बायकांनाही दुसऱ्या कुणाची मासळी घेऊ दिली नव्हती. "सोनू येईल," एवढंच ती सांगत राहिली.

"काय लिहू खुणेत?" शमिकाने विचारलं.

"लिही, कोकणनगर, विहिरीच्या वर तिसरं घर. फक्त रविवार, बुधवार, शुक्रवार घेते. सौंदाळे मिळाले तर सौंदाळे, नायतर बांगडा. बोलीत काय लिहू नको. तिथं हाक मारावी लागत नाय."

एकशे चार ओळी झाल्या. शमिकाने सॉफ्टवेअरला पत्त्यांवरून जागा शोधायला लावली, आणि दोघी पडद्याकडे बघत बसल्या. टपटप लाल टाचण्या उमटल्या. त्यांतल्या नऊ पुण्यात उमटल्या.

"ह्या गो कुठं गेल्या?"

"शिवाजीनगर लिहिलं ना आपण. त्याला वाटलं पुण्यातलं."

"पुण्यात बांगडे पोचेपर्यंत त्यांचं खत होईल! आणि ही एकटी?"

"ती मांडवी. मुंबईत पण एक मांडवी आहे."

एक टाचणी तर थेट दर्यात पडली होती, पत्त्यातला आकडा चुकल्यामुळे. सोनूबाई पोट धरून हसली. "तिथं दीपक जाळं टाकतो, तिथं कुठलं गिऱ्हाईक!"

शमिकाने प्रत्येक ओळीत रत्नागिरी जोडलं, आकडे नीट केले. पुण्याची नऊ घरं गावाला परत आली. ज्या इमारतींना नाव होतं त्या आपापल्या जागी बसल्या. उरली अकरा घरं, ज्यांना नाव ना नंबर, फक्त खूण. ती शमिकाने वरून काढलेलं शहराचं चित्र मागे लावून हाताने बसवली. सोनूबाई सांगायची, "पिंपळाच्या वर दुसरं," "गिरणीच्या खाली लगेच," आणि शमिका टाचणी उचलून ठेवायची. पडद्यावरचं शहर सोनूबाईला काही केल्या उमगत नव्हतं. घारीला दिसतं तसं ते शहर. तिने ते अडतीस वर्षं पाटीच्या काठाखालून बघितलेलं. ती नुसती हं हं म्हणायची आणि सुनेच्या तोंडाकडे बघायची.

एक गोष्ट मात्र तिला फार आवडली. शमिकाने सोमवार निवडला की सोमवार पाळणारी घरं पडद्यावरून लपायची. "आमच्या सासूला सांगायला पायजे होतं," ती म्हणाली. "ती बोटं मोजत बसायची."

रविवारी पहाटे शमिका लिलावाला गेली, जनी नावाच्या शेजारणीला बरोबर घेऊन, कारण मासळी निवडायला अजून भरवसा नव्हता. पेटी भरली आणि फोनमध्ये टाचण्या लावून स्कूटरवरून निघाली. खाटेवरून सोनूबाई तिची वाट मनातून चालत होती. आता धनजी नाका. आता टिळक आळी. आता चढ.

दुपारी शमिका आली ती घामाघूम आणि हसरी. ऐंशीच्या वर घरं झाली होती. वकिलीणबाईने तब्येत विचारायच्या आत स्वतःच विचारली होती. काही दारं चुकली, पण पहिला दिवस म्हणून दोघींनी सोडून दिलं.

"आणि भाभी?"

"घर बंद होतं. मोठं कुलूप."

सोनूबाईला जरा लागलं. पण गेली असेल कुठे लग्नाबिग्नाला.

बुधवारी एकादशी होती. त्या दिवशी शमिका रडवेली होऊन परत आली. टिळक आळीत तिने एका दारात पेटी उघडून "ताजे बांगडे आहेत काका" म्हटलं, आणि आतून एक निवृत्त हेडमास्तर बाहेर आले, कपाळाला गंध लावलेले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मुली, या घरात कांदासुद्धा विचारून येतो."

सोनूबाईला हसू आवरेना. मग ती एकदम थांबली. "पण ते तर पिंपळाच्या खालचं घर. मी वरचं सांगितलं होतं."

"मी वरच्याच घरी गेले आई."

"बरं. आणि भाभी?"

"कुलूप."

शुक्रवारीही कुलूप. शमिकाने येताना सांगितलं की अंगणात पालापाचोळा साचलाय, खूप दिवसांत कुणी झाडलेलं दिसत नाही.

त्या दिवशी सोनूबाई जेवली नाही. भाभी अंगण झाडल्याशिवाय चहा घेत नसे. म्हणजे एक तर मुलांकडे कुवेतला गेली, न सांगता. नाहीतर दुसरं. दुसऱ्याचा विचार मनात आला की सोनूबाई कूस बदलायची आणि गुडघा ठणकायचा. फोन करायचा तर नंबर नव्हता. अडतीस वर्षांत एकाही घराचा नंबर तिला लागला नव्हता, ती रस्त्यावरून हाक मारत असे. शमिकाच्या तक्त्यात फोनचा रकानाच नव्हता.

"त्या नकाशात बघ ना गो," संध्याकाळी ती म्हणाली. "पडद्यावर मला काय समजत नाय. कागदावर काढून आण."

शमिकाने झेरॉक्सच्या दुकानातून नकाशा मोठ्या कागदावर छापून आणला. सोनूबाई खाटेवरून खाली उतरून भिंतीला टेकून बसली, पाय लांब करून. शमिकाने कागद तिच्यापुढे जमिनीवर पसरला. नकाशात समुद्र डाव्या बाजूला, निळा. सोनूबाईने क्षणभर बघितलं, आणि चटईवर अंथरूण फिरवावं तसा तो कागद सरळ फिरवला. दर्या आपल्या पायांकडे घेतला.

"हां. आता सांग, कोकणनगरची विहीर कुठं?"

शमिकाने बोट ठेवलं. सोनूबाईने आपलं बोट त्यावर ठेवलं आणि पायांपासून दूर, दर्याकडून डोंगराकडे सरकवलं. "ही विहीर. हिच्या वर एक, दोन, तीन. हे भाभीचं घर. तू टाचणी कुठं लावलीस?"

टाचणी तिथे नव्हती. टाचणी विहिरीच्या बाजूला, भलत्याच गल्लीत होती.

शमिका कागदाकडे बघत राहिली. "आई, वर म्हणजे कुठं?"

"वर म्हणजे वर. माळनाक्याकडं. चढाकडं."

"आणि खाली?"

"खाली दर्या. दुसरं काय असतं खाली?"

"नकाशात वर म्हणजे उत्तर असते हो! मी अकराच्या अकरा घरं उत्तरेला चढवली."

"उत्तर कशी वर जाईल? उत्तरेला मिऱ्या बंदर. तिथं पाणीच पाणी," सोनूबाई म्हणाली. "तुमच्या अलोऱ्याला वर म्हणजे काय म्हणतात?"

शमिका बोलायला गेली आणि तिने कपाळाला हात लावला. अलोऱ्यालाही वर म्हणजे कुंभार्लीचा घाटच. तिची आजी रोज म्हणायची, ढोरं वर गेली, पाऊस वरून आला. हे ती जन्मापासून ऐकत आली होती. पण लॅपटॉप उघडला की ती शाळेतली पोर व्हायची, जिच्या वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात वर उत्तर छापलेली होती.

"म्हणजे मी कुणाच्या कुलपाला तीन दिवस सौंदाळे दाखवले?"

"कोण जाणे. पण भाभी घरातच हाय," सोनूबाई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. "घरातच असणार गो."

शमिकाने लॅपटॉप उघडला. सॉफ्टवेअरच्या तळाशी एक बारीक चौकोन होता, नकाशा फिरवायचा. सर्वेवाल्याकडे दोन वर्षांत तिने त्याला कधी हात लावला नव्हता. पहिला आकडा घातला तर दर्या वर गेला, शहर खाली लोंबलं. सोनूबाई ओरडली, "अगो बुडेल सगळं!" दुसरा आकडा घातला आणि शहर सावकाश फिरून बसलं. तळाला दर्या, काठाला पेठकिल्ला, मग आळ्या, मग चढ, सगळ्यात वर माळनाका आणि मारुती मंदिर. सोनूबाई पुढे झुकली. पहिल्यांदाच पडद्यावर तिला रस्ता दिसला, स्वतःच्या पावलांचा.

"आता बसलं गाव सरळ," ती म्हणाली. मग स्वतःच बोट लावून सांगू लागली. हे पिंपळाचं. हे गिरणीचं. अकराही टाचण्या आपापल्या दारात गेल्या.

रविवारी भाभीच्या दारातूनच शमिकाचा व्हिडिओ कॉल आला. शमिकाने फोन पुढे धरला होता. दाराशी फणस, पायरीवर झुबेदाभाभी, आणि तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या, झाकण ठेवलेला.

"सोनू! जिती हाईस गे?"

"हाय भाभी. गुडघा बदलला. तुमी कशा?"

"मी कशी? रविवारी, बुधवारी, शुक्रवारी हितं पायरीवर बसली. तो भोंगेवाला तीनदा हितनं गेला. म्हटलं जा बाबा पुढं, माझी सोनू येणार हाय."

"मग खाल्लंत काय?"

"डाळ," भाभी म्हणाली आणि दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींचं तोंड वाकडं झालं. शमिका फोन सावरत होती.

"ही तुझी सून नकाशा दाखवत व्हती," भाभी डोळे पुसून म्हणाली. "माझं घर हाय त्यात. सगळ्यांची घरं हाईत. तुझं कुठं हाय?"

"माझं कशाला? ती गिऱ्हाइकांची यादी."

"बघ गे सोनू. एवढी वर्षं तू माझ्या दारात आलीस. मी एकदा विचारलं नाय तुझं दार कुठं. आता यायचं म्हटलं तर रिक्षावाल्याला काय सांगू?"

सोनूबाईने मनातल्या मनात घरं मोजली. एकशे चार घरांपैकी एकालाही तिचं घर ठाऊक नव्हतं. त्यात कुणाचा दोष नाही. मासळी दारात येते, दार मासळीकडे जात नाही.

शमिकाने दुपारी तक्ता उघडला आणि खाली एक ओळ वाढवली, एकशे पाचवी. नाव: सोनूबाई. ठिकाण: पेठकिल्ला. खूण: उतारावर शेवटचं, मागे दर्या. मग ती थांबली.

"आई, कुठला मासा?"

"मला? उरेल तो."

"असं नाही. तुम्हाला कुठला आवडतो?"

सोनूबाई विचार करत राहिली. लोकांच्या आवडी तिला तोंडपाठ, त्यांच्या नातवंडांच्या सुद्धा. स्वतःच्या ताटात पाटीच्या तळाचं यायचं, आणि ते गोडच लागायचं. एवढं आठवायला तिला बराच वेळ लागला. माहेरी असताना, केळशीला, आई चिंचेच्या सारात एक मासा शिजवायची.

"सौंदाळे," ती शेवटी म्हणाली. "लिही सौंदाळे, चिंचेच्या सारातले. भाभीसारखंच."

शमिकाने ओळ पुरी केली. नकाशाच्या तळाला, दर्याला लागून एक टाचणी उमटली. टाचणीसकट ती ओळ तिने भाभीच्या फोनवर पाठवली.

त्यानंतरच्या शुक्रवारी, अकराच्या सुमाराला, सोनूबाई काठी घेऊन घरातल्या घरात पावलं टाकत होती. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी उतरलं, दम खात पायऱ्या उतरलं, आणि दाराशी येऊन लांब हेल काढत हाक मारली. हेल ओळखीचा होता. तो सोनूबाईचाच होता, सासूकडून आलेला.

"मासळी घेता काऽऽय?"

दारात झुबेदाभाभी उभी होती. हातात स्टीलचा डबा, झाकणाच्या कडेने चिंचेच्या साराचा वास येत होता. सोनूबाई काठीवर भार देऊन उभी राहिली. अशी हाक तिने लाखो वेळा मारली असेल. तिला कुणी मारली नव्हती.  मग तिने कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलला, भाभीच्या पुढे धरला, आणि भाभी अडतीस वर्षं विचारत आली होती तेच विचारलं.

"ताजी हाय का गो?"